सिंहली म्हातारी कोल्हापुरी बोलते

त्या मेळाव्याला मला बोलावलं ते मी कोल्हापुरात राहते म्हणून, असं काही जणांना वाटत होतं. बाहेरून माणूस आणायचा म्हणजे प्रवास आला, राहण्याची सोय आली. गावातलं माणूस रिक्षानं येतं आणि रिक्षानं जातं. मला मात्र तसं वाटत नव्हतं. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि शिकवायला लागल्यापासून भाषांतरं करते. माझी भाषांतरं चांगली असतात. हे मी कुणाला सांगत सुटत नाही, पण कुणी विचारलं तर लाजतही नाही.

मेळावा शेजारच्या देशांतल्या लेखकांचा आणि अनुवादकांचा होता. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान अशी मंडळी आली होती. आपल्याकडचे मराठी, कन्नड आणि कोकणी अनुवादक होते. कळंब्याच्या बाजूला, तलावापासून जवळच एका संस्थेचं अतिथिगृह घेतलं होतं. एक लेखक आणि एक अनुवादक अशी जोडी लावायची, जोडीनं आठवडाभर शेजारी बसून एक कथा दुसऱ्या भाषेत आणायची, अशी पद्धत. मध्यावर एकदा कच्चा खर्डा लोकांसमोर वाचायचा आणि शेवटच्या दिवशी पक्का.

माझ्या वाट्याला श्रीलंकेच्या बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, सडपातळ, सुती साडीतल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं गाव तिकडं दक्षिणेला, नदीच्या काठावर. पहिल्या सकाळी पोह्यांकडं बघून त्यांनी हळूच विचारलं की भात मिळेल का. स्वयंपाकाच्या मावशी शाहूवाडीकडच्या होत्या. त्यांना आनंदच झाला. त्यांच्या घरीही सकाळी भातच असतो म्हणे. त्यानंतर रोज सकाळी बाईंसाठी वाफाळता भात आणि वरून काहीतरी तिखट यायला लागलं आणि दोन-तीन दिवसांत अर्धा नेपाळ त्या भाताच्या रांगेत उभा राहिला.

मी त्यांना मॅडम म्हणत होते. त्या म्हणाल्या, मॅडम नको, अक्का म्हण, आमच्याकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. मी सांगितलं की माझं माहेर शिरोळ तालुक्यात आहे, तिथून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आमच्याकडंही मोठी बहीण अक्काच. त्या खूश झाल्या. तेव्हापासून अक्का.

सिंहली मला येत नव्हती. माझ्या हातात कथेचा इंग्रजी अनुवाद होता, दुसऱ्या कुणीतरी केलेला. गोष्ट साधी होती. नदीला पूर येतो. गाव टेकावरच्या एका मोठ्या घरात हलवायचं ठरतं. नाववाले घरोघरी जाऊन माणसं काढतात. एक म्हातारी मात्र यायला तयार होत नाही. पाणी घरात शिरलेलं, गुडघ्याला लागलेलं, आणि ही आपल्या लाकडी खुर्चीत बसलेली. नाववाले विनवतात, रागावतात. ती म्हणते, मला इथं माझी खुर्ची आहे. शेवटी नाव निघून जाते. पुढं काय झालं ते कथा सांगत नाही.

इंग्रजीतली म्हातारी फार सभ्य बोलत होती. मी अक्काला विचारलं, ही खरंच अशी बोलते का? अक्का हसली. तिनं समजावून सांगितलं की त्यांच्याकडं पुस्तकाची भाषा आणि तोंडातली भाषा यांच्यात खूप अंतर आहे. कथेतलं निवेदन तिनं पुस्तकी भाषेत केलंय, पण म्हातारीच्या तोंडी गावातली बोली दिलीय, तीही नदीकाठची, जराशी शिवराळ. इंग्रजीत सगळं एकसारखं झालं. मग मी तिला ते संवाद सिंहलीत मोठ्यानं वाचायला लावले. शब्द एकही कळला नाही. पण तोडून टाकल्यासारखं ते बोलणं, वाक्याच्या शेवटी दिलेला तो हिसका माझ्या चांगल्याच ओळखीचा होता. मी ती म्हातारी शिरोळच्या बोलीत लिहायला घेतली. ‘मी येत न्हाय, मी हितंच बसतो. मला माझी खुर्ची हाय की.’

आमच्या गटाचे मार्गदर्शक पुण्याचे होते. ज्येष्ठ अनुवादक, कामाला चोख. त्यांनी पहिल्यांदा ‘बसतो’वर बोट ठेवलं, ‘बसते’ हवं म्हणाले. मी सांगितलं की आमच्याकडं बायका ‘मी जातो, मी येतो’ असंच म्हणतात. ते त्यांना ऐकून माहीत होतं, ते त्यांनी सोडून दिलं. पण मग मुद्द्यावर आले.

“श्रीलंकेतली म्हातारी शिरोळची कशी वाटेल?”

“मग पुण्याची कशी वाटेल?” मी म्हटलं.

टेबलाभोवतीचे सगळे हसले. तेही हसले, पण पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की प्रमाण मराठी कुठल्याच गावाची नसते, म्हणून परक्या माणसाच्या तोंडी ती बरी. माझं म्हणणं असं की कुठल्याच गावाची नसलेली भाषा बोलणारी म्हातारी पुराच्या पाण्यात पाय सोडून बसूच शकत नाही. ती केव्हाच नावेत चढली असती. बराच वेळ वाद झाला. मी काही मागं हटले नाही. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, लोकांसमोर वाच, काय होतं बघू.

वाचन शहरातल्या एका सभागृहात होतं. गर्दी चांगली होती, विद्यार्थी बरेच. अक्कानं आधी सिंहलीत थोडं वाचलं, मग मी मराठीत पूर्ण. म्हातारी पहिल्यांदा तोंड उघडून नाववाल्यांवर डाफरली तशी सभागृहात खसखस पिकली. मला ते हवंच होतं. पुढं ती म्हणाली, ‘मला माझी खुर्ची हाय की,’ आणि सगळं सभागृह हसलं. मोकळं, कोल्हापुरी हसणं. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळीही वाजवली.

मी नजर वर केली आणि अक्काकडं बघितलं. ती ताठ बसली होती. हात मांडीवर घट्ट धरलेले. वाचन संपल्यावर लोक भेटायला आले, फोटो झाले. तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली. जेवायला आली नाही.

सकाळी मी तिला तलावाकडं फिरायला नेलं. बांधावर थोडं चालल्यावर तिनं विचारलं, “ते का हसले?”

मी म्हटलं, त्यांना ती आवडली म्हणून. अशा म्हाताऱ्या आमच्याकडं घरोघरी आहेत.

“आमच्याकडं त्या वाक्याला कुणी हसत नाही,” ती म्हणाली. “ती माझी आजी होती. ती त्या पुरात गेली.”

मग तिनं मला ते वाक्य बदलायला सांगितलं. गंभीर कर म्हणाली, हसू येणार नाही असं काहीतरी. मला वाईट वाटलं, पण ‘हो’ म्हणवेना. वाक्य गंभीर करून काही साधणार नव्हतं. काहीतरी मुळातच माझ्या हातून निसटलं होतं आणि ते काय, हे बोलता बोलता माझ्या डोक्यात आलं. खरं तर खर्डा करतानाच यायला हवं होतं.

“अक्का, एक विचारू? टेकावरच्या त्या घरात तुझ्या आजीला खुर्ची मिळाली असती?”

ती चालायची थांबली.  मग म्हणाली, “नाही.”

त्यानंतर ती बरंच बोलली. टेकावरचं घर वरच्या जातीच्या जमीनदाराचं होतं. तिच्या आजीच्या जातीच्या माणसांना त्या घरात बसायला बुटकं स्टूल मिळायचं, तेही असलं तर, नाही तर जमीन. आजी त्या घरात आयुष्यभर राबली होती. पुढं मुलगा, म्हणजे अक्काचे वडील, रेल्वेत कारकून झाला आणि त्यानं आईसाठी पहिली वस्तू आणली ती खुर्ची. पाठ टेकायची, हातांची. आजी जेवायला खाली बसायची, पण एरवी दिवसभर त्या खुर्चीत. तिच्या गावच्या वाचकांना हे सगळं न सांगता कळायचं. शहरातल्या वाचकांना ती नुसती हट्टी म्हातारी वाटायची आणि ते हळहळायचे. अक्कानं कुणाला कधी समजावून सांगितलं नाही. आमच्या देशात सगळे म्हणतात की आमच्यात जात नाही, आम्ही बौद्ध आहोत, असं ती म्हणाली. आणि मग लग्नाच्या जाहिरातीत जात छापतात. वडिलांनी आडनाव बदललं होतं. ज्या लेखकमंडळींत ती गेली कित्येक वर्षं उठते-बसते, त्यांच्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

मी तिला सांगितलं की आम्हीही बौद्ध आहोत. माझे आजोबा झाले. तिला ते माझ्या बोलण्यावरून वाटलं नव्हतं. भारतात लाखो माणसं बौद्ध झाली हे तिनं वाचलं होतं, पण का झाली हे तिला नीट कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं मला कधीच काही वाटलेलं नाही. वर्गात पोरं विचारतात, त्यांनाही मी असंच सांगते, फळ्याकडं पाठ करून, सरळ.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती. बाकीची मंडळी शहर बघायला गेली. मी अक्काला घेऊन माझ्या माहेरी गेले.

वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागं आमची गाडी रखडत होती. दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या, गाणी मोठ्यानं लावलेली. अक्का काच खाली करून बघत होती. आमच्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे. माझ्या भावानं दोनदा रंग दिला, तरी ओल आली की ती उमटते. आई दारातच उभी होती.

“या पावणं,” ती म्हणाली, आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ओढून एकीवर अक्काला बसवलं, दुसरीवर आपण बसली. मला आत चहा करायला पाठवलं.

मी चहा घेऊन आले तेव्हा अक्का भिंतीवरच्या तसबिरी बघत होती. बुद्धाची तिला ओळखायला अडचण नव्हती. शेजारची, निळ्या कोटातली, तिनं मला विचारली आणि मी सांगितलं. मग मी आईला अक्काची कथा आमच्या बोलीत वाचून दाखवली. आई चहा पीत ऐकत होती. खुर्चीच्या वाक्याला तीही हसली. अक्कानं माझ्याकडं बघितलं. 

कथा संपल्यावर आई आपल्या पुराचं सांगायला लागली. अलीकडच्या पुरात त्यांना नावेतून काढून एका कॉलेजात ठेवलं होतं. तिथं सगळं गाव एकाच हॉलमध्ये होतं आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. पण ती नवी नवरी असतानाही एकदा पाणी आलं होतं. तेव्हा गावातल्या एका बड्या असामीच्या गोदामात सगळ्यांना नेलं. गाव आत आणि आमची माणसं बाहेर पत्र्याच्या पडवीत. जेवण वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून. माझी आजी, म्हणजे आईची सासू, पहिला घास पानात पडल्याबरोबर उठली. भिजलो तर भिजलो म्हणाली, आणि नव्या सुनेला हाताला धरून पावसात बाहेर पडली. गावाबाहेर उंचवट्यावर एक चिंच होती, तिच्याखाली दोघींनी पाणी उतरेपर्यंत दिवस काढले. दुसऱ्या दिवशी पडवीतली बाकीचीही माणसं एक-एक करत चिंचेखाली आली. हे सगळं आई हसत हसत सांगत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासूचं ते लुगडं सावरत ताडताड चालणं तिनं उठून करून दाखवलं.

मी अक्काला एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. तिनं मला विचारलं की त्या का हसताहेत. मी तो प्रश्न आईला केला.

“मग काय रडू?” आई म्हणाली. “सासू जिंकली की माझी.”

अक्कानं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आईनंही मग तिला एक विचारलं. मला जरा अवघड वाटलं, पण आईला थांबवण्याची आमच्या घरात पद्धत नाही. “तुमच्याकडं समदी बुद्धाचीच माणसं न्हवं? मग जात कशी ऱ्हायली?”

 अक्का म्हणाली, आम्ही जन्मानं बौद्ध आहोत, कुणी ठरवून झालं नाही. जे होतं ते तसंच राहिलं.

“आम्ही ठरवून झालो,” आई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. पाव्हणीला घरची शेती दाखवावी तसं तिनं सांगितलं.

निघायच्या आधी आईनं मेणबत्ती लावून वंदना म्हटली. अक्का शेजारी हात जोडून म्हणायला लागली. शब्द तेच, पालीतले, पण आईची वंदना पुढं निघून गेली आणि अक्काची अजून तिसऱ्या ओळीवर. आई तिच्यासाठी थांबली आणि मला म्हणाली, ही लय सावकाश म्हणती.

 परत येताना हातकणंगले मागं पडल्यावर अक्का म्हणाली, “म्हातारीला बोलू दे. माझ्या तोंडून नाही आलं. तुझ्या भाषेत येऊ दे.”

दोन दिवस आम्ही त्या एका जागेवर बसलो. मी लिहायचे, तिला शब्दन् शब्द उलगडून सांगायचे, ती खोडायची. मी एकदा फारच भाषण केलं होतं. ती म्हणाली, माझी आजी एवढं बोलत नसे. शेवटी ठरलं ते असं: ‘वरच्या घरात मी जलमभर खाली बसलो. आता न्हाय बसत. हितं मला खुर्ची हाय.’ ‘की’ मी काढून टाकला. त्या ‘की’नंच लोक हसले होते.

मार्गदर्शकांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. ते म्हणाले, यातलं अर्धं इंग्रजीत नाही. अनुवादकानं पदरचं घालायचं नसतं. मी म्हटलं, मूळ लेखिका माझ्या शेजारी बसलीय, तिलाच विचारा. अक्का म्हणाली, “हे कथेत पहिल्यापासून आहे. मी कागदावर ठेवलं नव्हतं.”  मग त्यांनी एवढंच सुचवलं की छापताना हा बदल लेखिकेनं स्वतः केल्याची नोंद द्यावी. ते बरोबर होतं आणि आम्ही ते लगेच मान्य केलं. जाता जाता मला म्हणाले की शिरोळची म्हातारी आता त्यांच्या कानात बसली आहे, पुण्याची आठवतही नाही.

शेवटच्या दिवशी सभागृह पुन्हा भरलं होतं. म्हातारी नाववाल्यांवर डाफरली तेव्हा लोक हसले आणि मी त्यांना पोटभर हसू दिलं. मग ते वाक्य आलं. मी सावकाश वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. पुढच्या दोन ओळी वाचताना माझा आवाज मलाच मोठा वाटला.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. एका विद्यार्थिनीनं उठून विचारलं की म्हातारीला तिथं खाली का बसावं लागायचं, त्यांच्या देशातही आपल्यासारखं आहे का? मी अक्काकडं बघितलं. ती नको म्हणाली असती तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. तिनं माइक आपल्याकडं ओढला. आपल्या जातीचं नाव घेतलं, ती आपली आजी होती म्हणाली, आणि हे आपण लोकांसमोर पहिल्यांदा सांगतोय असंही म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. ती विद्यार्थिनी थँक्यू म्हणून खाली बसली. बाहेर पडताना मात्र अक्काला दारापर्यंत पोचायला फार वेळ लागला. प्रत्येकाला तिचा हात हातात घ्यायचा होता.

कथा त्या वर्षी एका दिवाळी अंकात आली, नोंदीसकट. कोल्हापूरच्या वाचकांनी फोन केले, त्यातल्या दोघांनी व्याकरणाच्या चुका काढल्या आणि मी त्यांना ‘बसतो’ समजावून सांगितलं. तिकडं श्रीलंकेत मात्र सगळं एवढं सोपं झालं नाही. वाचनाचा कुणीतरी केलेला व्हिडिओ फिरत फिरत अक्काच्या भावापर्यंत गेला. तो चिडला. त्याच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. ते होईपर्यंत गप्प राहायचं होतंस, असं तो म्हणाला आणि काही महिने बोलला नाही. ही कथा असलेल्या सिंहली पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती, ती अक्कानं लांबवली. मी तिला काही सुचवलं नाही. तिचं घर, तिची माणसं. मी फक्त दर रविवारी फोन करत राहिले.

त्या फोनवरच मी सिंहली शिकायला लागले. अक्षरं गोल, एकाला एक बिलगलेली, आणि शिक्षिका गणिताची, त्यामुळं चुकीला माफी नाही. पुढचा मेळावा त्यांच्याकडं आहे आणि तोवर मला इंग्रजीच्या मदतीशिवाय निदान एक पान वाचायचंय. वाचेन. माझी गती बरी आहे असं अक्काही म्हणते, आणि ती उगीच कौतुक करणाऱ्यांतली नाही.

गेल्या महिन्यात आई माझ्याकडं राहायला आली होती. रविवारी मी धडा गिरवत होते तेव्हा ती माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली आणि थेट विचारलं, तुमच्या भावाच्या पोरीचं ठरलं का? मी अक्काला विचारलं.

“ठरलं,” अक्का म्हणाली. “मुलाकडच्यांना सगळं सांगून ठरलं. माझ्या भावानंच सांगितलं.”

आईला ते कळल्यावर तिनं जेवणात काय असतं, किती माणसं यायचीत, नवरीला साडी कुठली, असं विचारायला सुरुवात केली. अक्का एकेकाचं उत्तर देत होती. त्या रविवारी माझा धडा काही पुढं गेला नाही.